नशीब : नाम, नपुंसकलिंगी

सराफ बाजार उघडायच्या आधी, साडेसहाला,
कौतिकाबाई गटाराच्या कडेला उकिडवी बसते.
कुंचा, घमेलं, चेपलेली पत्र्याची पाटी,
आणि गोदावरीवरून भरून आणलेला पाण्याचा कॅन.
दुकानांच्या पायऱ्यांवरची धूळ ती
निजलेल्या लेकराच्या अंगावरून माशी हाकलावी
तशी गोळा करते.
सोनारांच्या चपलांना, झाडूला चिकटून आलेलं सोनं
तिच्यात असतं. किंवा नसतं.

मी वर, पहिल्या मजल्यावर, मोडी वाचते.
लोक पिशवीतून, पंचांगात दडपून जुने कागद आणतात
आणि बसायच्या आधीच विचारतात,
"यात आमचं काही आहे का?"
पानामागे दीडशे रुपये.

परवा एका वाटणीपत्रात शाई फुटली होती, शब्द लागेना.
'तकसीम' असावा. कोश काढला.
तकसीम म्हणजे वाटणी.
त्याच धातूतून निघालेली किस्मत.
पानं उलटली. नशीब : मुळात, हिस्सा.
आणि आपलं सोवळ्यातलं भाग्य,
त्याच्याही पोटात नुसता भाग.

म्हणजे पाचव्या रात्री सटवाई येते
ती टाक घेऊन येत नसणार.
शंकुसाखळी घेऊन येत असणार,
कपाळाची मोजणी करून, हद्दीचे दगड रोवून
उजाडायच्या आत परत.

आणि आपण हा शब्द कसा वापरतो!
नशीब, गॅस बंद करून निघाले होते.
नशीब, द्वारका चौकात ब्रेक लागले.
नशीब माझं! (हे कपाट आपटून.)
नशीब काढलंस हो पोरी,
हे लग्नात, नवऱ्या मुलाच्या फ्लॅटकडे बघत.
ते फुटतं, उघडतं, फळफळतं,
आड येतं, साथ देतं.
कुणी वाटलं, ते कधी कुणी विचारत नाही.

मखमलाबादला आमची सव्वा एकर द्राक्षबाग.
अण्णांच्या तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी
भागवतदादानं स्टँप पेपर पुढे ठेवला.
अण्णा तीस वर्षं जिथं गठ्ठे मोजत होते
त्याच नाशिकरोडच्या प्रेसमधला, कोरा करकरीत.
हक्कसोडपत्र.
मी ते वाचलं नाही.
मी, जी दीडशे रुपयांत दुसऱ्यांचं वाचते.
सही केली. काकूनं हातावर पेढा ठेवला.
आई म्हणाली, "असे भाऊ मिळायला नशीब लागतं."

खोटं नव्हतं.
दर फेब्रुवारीत दादा एक पेटी पाठवतो,
दोन किलो थॉमसन, खाली कागदाची कात्रणं.
घड अजूनही गोड असतात. मला ते आवडतात.
हेच तर सांगता येत नाही कुणाला.

शब्द नपुंसकलिंगी आहे.
सातबाऱ्यावर मात्र पुल्लिंगी चालतो.

काल खाली उतरले. कौतिकाबाईला म्हटलं,
"नशीब म्हणजे हिस्सा, माहितीये?"
ती म्हणाली, "सरका ना बाई,
पाटीवर सावली पडू ऱ्हायली."
मी सरकले. तिनं पाणी फिरवलं,
काळं वाहून गेलं, वाळू गेली,
तळाशी एक पिवळं काहीतरी, डोळ्यात जाईल एवढं.
"हे तुझं नशीब," मी म्हटलं. उगाच.
तिनं ते बोटाच्या टोकावर घेतलं, उजेडात धरलं.
"नशीब नाही ओ. त्यांचं सांडेल हाये.
नशिबाला कशाला दोन तास झाडावं लागतं?"

वर आले. एक मुलगी बाकावर बसली होती,
मांडीवर पणजोबांचा कागद, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत.
तिनं विचारायच्या आधी मी भिंग पुसलं,
आणि पहिली ओळ सोडून
थेट खाली गेले,
जिथं सह्या असतात,
आणि अंगठे,
आणि कुणाच्या तरी नावापुढची कोरी जागा.